खेळणे मोडल्यावर काय होईल?
(यंदाच्या बालमेळाव्यात पालकांसमोर केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात डिप्लोमा इंजिनिअर म्हणून वीस-बावीस वर्षे नोकरी झाली. रिले रूमशेजारी बॅटऱ्यांची रांग असते, तिची देखभाल हे आमचे नेहमीचे काम. म्हणून अध्यक्षांनी ‘लहान मुलांसाठी बॅटरीची खेळणी’ हा विषय माझ्याकडे दिला असावा. पण मी तो का स्वीकारला, ते आधी कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी बालगटाच्या स्पर्धांची बक्षिसे आणण्याचे काम माझ्याकडे होते. घाऊक बाजारातून मी चमकणाऱ्या अंगठ्या, चिमुकल्या टॉर्च आणि चिवचिवणारी पिल्ले आणली. स्वस्त, दिसायला सुरेख, मुले खूश. उरलेले एक पिल्लू मी घरी नेले आणि गौरी-गणपतीसाठी आलेल्या धाकट्या बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलीला दिले. दुसऱ्या दिवशी ते पलंगावरून पडले आणि त्याचे बूड निखळले. आत तीन बटण सेल होते. सापडले दोनच. पोरगी थोडी खोकत होती. तिने तोंडात काही घातले का, हे कोणीच पाहिले नव्हते. आम्ही तडक इस्पितळ गाठले. एक्स-रे निघून डॉक्टर “पोटात, गळ्यात काही नाही” म्हणेपर्यंत बहीण माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिसरा सेल दुसऱ्या दिवशी माझ्याच बुटात सापडला.

एवढ्याशा सेलचे इतके भय कशाला, असे काहींना वाटेल. पूर्वी मूल नाणे गिळायचे आणि बहुतेक वेळा ते आपोआप बाहेर पडायचे. सेल म्हणजे नाणे नव्हे. सीआर 2032 या सेलचा आकडाच त्याचे माप सांगतो : व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. दाब 3 व्होल्ट. हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. खेळणे चालवू न शकणाऱ्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते. अमेरिकेत 2020 साली रीस हॅमस्मिथ नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला असा सेल गिळल्याने दगावली. तिच्या नावाने 2022 मध्ये तिथे कायदा झाला.

आता आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. सिग्नलची रचना करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो : हे बिघडले तर काय होईल? रूळ तुटला, तार निघाली, बॅटरी उतरली, तर रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडीला उशीर होईल, पण अपघात होणार नाही. आपण दुकानात मात्र खेळणे चालते कसे, एवढेच पाहतो. दुकानदार बटण दाबतो, दिवा लागतो, आपण पैसे काढतो. बंधू-भगिनींनो, लहान मुलाच्या हातातले खेळणे मोडणारच. ते मोडल्यावर मुलाच्या हाती काय लागेल, हे पाहून खरेदी करा.

त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आत सेल कोणता? शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारे खेळणे घ्या. तो बटण सेलइतका छोटा नसतो. पाच वर्षांखालील मुलांना बटण सेलचे खेळणे देऊच नये, असे माझे मत आहे.

दुसरी, झाकण. ते स्क्रूने बंद असले पाहिजे आणि स्क्रू आटे गेलेला नसावा. नखाने उघडणारे झाकण म्हणजे उघडे झाकणच.

तिसरी, आयएसआय चिन्ह. खेळण्यांसाठी ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यावर आयएस 15644 हा क्रमांक आणि चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहा. सुट्या पिशवीतल्या पाच-दहा रुपयांच्या मालावर यातले काहीच नसते.

चौथी, आवाज. खेळणे आपल्या कानाशी धरून वाजवा, कारण मूल तसेच धरणार आहे. आपल्याला नको वाटले तर त्यालाही नको.

घरी सेल बदलताना जुना-नवा एकत्र घालू नका. अशक्त सेलवर उलटा ताण येऊन तो गळतो. आमच्या बॅटरी रूममध्येही एक कमजोर सेल सगळी रांग बिघडवतो. काढलेला बटण सेल लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि खेळण्यांबरोबर घरातले रिमोट, वजनकाटा आणि आरासेतल्या बॅटरीच्या पणत्याही तपासा. पुष्कळ पणत्यांमध्ये हाच सेल असतो.

इतके करूनही सेल गिळल्याची शंका आली, तर वाट पाहू नका. मूल खोकते, लाळ गाळते, खायला नको म्हणते आणि आपल्याला सर्दी वाटते. उलटी करवू नका. खायला-प्यायला देऊ नका. एक वर्षावरील मुलाला, गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल गिळू शकत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, चालतो. मात्र मध शोधण्यात वेळ घालवू नये. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात नको. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. आपल्याला गोमती ओलांडली की मेडिकल कॉलेजचे ट्रॉमा सेंटर आहे. खेळण्याचे खोकेही बरोबर न्या, म्हणजे सेल कोणता ते डॉक्टरांना कळेल. सेल नाकात किंवा कानात गेला तरी घाई तेवढीच करायची.

शेवटी समितीला एक विनंती. पुढील वर्षापासून बालगटाच्या बक्षिसांत बटण सेलची एकही वस्तू नसावी. बनारसची, चित्रकूटची लाकडी खेळणी इथे मिळतात. गावी जाणाऱ्यांनी सावंतवाडीची आणावीत. तीन वर्षांखालील मुलांसाठी मात्र त्यातलीही मोठ्या तुकड्यांचीच निवडावीत. बक्षिसे आणायचे काम पुन्हा मला दिलेत तर आनंदाने करीन. या वेळी खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाईन.