जंत, जंतू आणि जिवाणू

एक छोटा उतारा सांगते. ‘झिंबोट्या गडगडात राहतात. त्या रोज फटकुरं खातात.’ आता प्रश्न असा की, झिंबोट्या कुठे राहतात? उत्तर आलं ना? गडगडात! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तुम्ही बरोबर द्याल. पैकीच्या पैकी गुण, आणि झिंबोटी म्हणजे काय ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला.

आपल्याकडे ‘उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा सराव पुष्कळदा असाच चालतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं उतरवून काढायचं. उतारा सशाचा किंवा कावळ्याचा असेल तर फारसं बिघडत नाही. ससा मुलांनी निदान चित्रात पाहिलेला असतो. पण उतारा जिवाणूंचा असला, तर झिंबोटी आणि जिवाणू यांत मुलाच्या लेखी काहीच फरक उरत नाही.

मी कारेगावात तिसरी-चौथीच्या मुलांचा वाचनाचा सराव घेते. शिरूर तालुक्यातलं, रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं हे गाव. मुलं काही इथल्या शेतकऱ्यांची, तर काही मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून कंपनीत कामाला आलेल्यांची, भाड्याच्या खोल्यांतून राहणारी. शब्दांपासूनच गोंधळ सुरू होतो. शाळेत फेब्रुवारीत गोळी मिळते ती जंतांची. घरात म्हणतात, हात धू, जंतू असतात. टीव्हीवरची जाहिरात म्हणते कीटाणू. आणि पुस्तकात असतो जिवाणू. ‘जिवाणूचं चित्र काढा’ म्हटलं की सहा पायांचा, दात विचकणारा हिरवा किडा वहीत उतरतो. चूक मुलांची नाही. जाहिरातवाल्यांची चित्रकला जोरदार आहे.

म्हणून उतारे मी स्वतःच लिहिते. सात-आठ ओळींचे आणि शक्यतो स्वयंपाकघरातले. एक उतारा दह्याचा आहे. विरजणात जिवाणू असतात, कोमट दुधात ते झपाट्यानं वाढतात, दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यानं दूध घट्ट आणि आंबट होतं. फार उष्णता लागली की ते मरतात, थंडीत त्यांची वाढ मंदावते. इतकंच. मग प्रश्न विचारायचा तो उताऱ्यात उत्तर नसलेला. उकळत्या दुधात विरजण घातलं तर काय होईल? डिसेंबरात दही उशिरा का लागतं? मुलं आधी बोट ओळींवरून फिरवतात. उत्तर सापडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘मेले असतील ते, भाजून.’ इथून वाचन सुरू होतं. त्याला जोडूनच पुढचा प्रश्न विचारते, पावसाळ्यात पाणी उकळून का प्यायचं? दह्याच्या उताऱ्यात पाण्याचा शब्दही नाही, तरी उत्तर येतं.

दुसरा उतारा डब्याचा. पोषक अन्न आणि ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी सातला वरणात एक असेल तर आठला किती? मुलं बोटांवर मोजतात: दोन, चार, आठ. याच वेगानं दुपारी दोनला वीस लाखांच्या वर, नेमके 20,97,152! पाळीवर जाणाऱ्यांच्या घरातली मुलं हा हिशेब थेट बापाच्या डब्याशी जोडतात. दूध नासतं, वरण विटतं, पीठ आंबतं; मराठीत त्यासाठी शब्दही वेगवेगळे आहेत. (भाकरीवर येते ती मात्र बुरशी, ती जिवाणू नव्हे. हेही एकदा सांगावंच लागतं.)

शेतकऱ्यांची मुलं मागं राहत नाहीत. भुईमुगाचं रोप अलगद उपटून आणलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ फोडली की आत लालसर. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाच्या उपयोगी करून देतात. ‘सगळे जिवाणू वाईट असतात, बरोबर की चूक?’ हा प्रश्न त्यानंतर वर्गात भांडण लावतो, आणि मला ते भांडण हवंच असतं.

यात एवढं काय अडलंय, असं कुणी विचारील. अडलंय ते असं की, आई-बाप दोघं कामावर असताना आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावाला सांभाळायची वेळ येते. त्याला जुलाब लागले तर मोठं माणूस येईपर्यंत घरातली वाचता येणारी व्यक्ती तीच असते. लहानग्यांचे जुलाब पुष्कळदा जिवाणूंमुळे नव्हे तर विषाणूंमुळे होतात. तिथं कपाटातली उरलेली प्रतिजैविकाची गोळी काही कामाची नाही. हवं असतं साखर-मिठाचं पाणी. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडल्यावर हेच पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. कॉलराचे जिवाणू त्या पाण्यानं मरत नाहीत. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार तेवढे भरून निघतात.

म्हणून शेवटचा उतारा म्हणजे ओआरएसचं पाकीट. छापलेलं अक्षर इतकं बारीक असतं की मोठ्यांनाही चष्मा लागावा. त्यातला मजकूर मी सोप्या मराठीत फळ्यावर लिहिते. पूर्ण पाकीट, एक लिटर पिण्याचं पाणी, चोवीस तासांत वापरा, उरलेलं फेकून द्या. प्रश्न: घरात फक्त पेला आहे, तर लिटर कसं मोजाल? अर्धं पाकीट पेल्यात घातलं तर चालेल का? काल सकाळी कालवलेलं आज दुपारी का द्यायचं नाही? शेवटच्या प्रश्नाला हात वर करणाऱ्यांना डब्यातला वीस मिनिटांचा हिशेब आठवलेला असतो. पहिल्याचं उत्तर एका मुलीनं दिलं, ‘पाण्याच्या बाटलीवर एक लिटर लिहिलेलं असतं, बाई.’ त्यानंतर आठवडाभर मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन येत होती आणि त्यांवरचं एकेक अक्षर मला वाचून दाखवत होती.