चिखलातली गाडी आणि तिची दोन कुलुपे

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. जीपगाडी चढावर थांबलेली असते. तिचे मागचे एक चाक चिखलात गरगर फिरत असते आणि त्याच आसाचे दुसरे चाक कोरड्या खडकावर स्वस्थ उभे असते. इंजिनात जोर भरपूर असतो, खडकाची पकडही उत्तम असते; पण गाडी तसूभर पुढे सरकत नाही. ज्या चाकाला काम करता येईल ते रिकामे, आणि ज्याच्या हातून काहीच होणार नाही तेच धावपळीत, हा कोठला न्याय, असे पाहणाराला वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या न्यायाचे नाव डिफरन्शियल. मागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात ही दातेरी चाकांची रचना बसविलेली असते. चारही चाकांना जोर पुरविणाऱ्या गाडीत असाच एक गोळा पुढच्या आसावरही असतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकाहून अधिक अंतर तोडावे लागते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक सुमारे 2.36 मीटर अधिक चालते. वळण रुंद असो वा अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीला ही अडचण कधी भासली नाही. तिला बैल ओढतात. चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. पण यंत्राने चाके फिरवावयाची ठरली, तेव्हा दोघांनाही जोर मिळावा आणि तरीही प्रत्येकाला आपल्या गतीने फिरता यावे, अशी तोड काढणे प्राप्त झाले. ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच घड्याळजीने 1827 साली वाफेच्या गाडीसाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. आजची मोटारही मूलतः त्याच तत्त्वावर वळते.

ह्या सोयीची किंमत मात्र चिखलात मोजावी लागते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देते, आणि तो जोर किती असावा हे दोहोंपैकी दुबळ्या चाकाच्या पकडीवर ठरते. समजा, चिखलातल्या चाकाला दहा भाग जोर पेलतो आणि खडकावरच्या चाकाला शंभर भाग पेलतो. तरीही खडकावरच्या चाकाला दहाच भाग मिळतात. एकूण वीस भागांत गाडी चढ चढत नाही. हाच नियम पुढच्या आसालाही लागू असल्यामुळे, पुढचे एक चाक आणि त्याच्या तिरकस बाजूचे मागचे चाक एकाच वेळी अधांतरी झाले, की ‘फोर-व्हील’ म्हणवणारी गाडीही असहाय होते.

ह्यावर उपाय म्हणून डिफरन्शियलला कुलूप घालण्याची युक्ती निघाली. इंग्रजीत तिला लॉकर म्हणतात. हे कुलूप लागले की आसाची दोन्ही चाके एकजीव होतात आणि एकाच गतीने फिरतात. वरच्या उदाहरणात मग दहा अधिक शंभर असा एकशे दहा भाग जोर कामी येतो. काही कुलुपे चालकाने लावावयाची असतात: तरफेने, विजेच्या कळीने किंवा दाबलेल्या हवेने. काही आपली आपण लागतात. एक चाक दुसऱ्याहून फारच वेगाने फिरू लागले की ती ओळखतात. 2015 साली महिंद्रांच्या थार गाडीच्या मागच्या आसावर आलेले कुलूप ह्या दुसऱ्या जातीचे होते.

कुलूप हवे, एवढे ठरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो असा, की ते कोणत्या आसाला लावावे? दोन्ही आसांना लावता आले तर उत्तम. पण ही वस्तू स्वस्त नव्हे. दुर्गम वाड्यांवर लस आणि औषधे पोचविणाऱ्या एखाद्या संस्थेजवळ एकच जुनी जीप आहे आणि पैसे एकाच कुलपाचे आहेत, अशी कल्पना करावी. गाडीतल्या लोकांना सायंकाळच्या आत वर पोचावयाचे आहे आणि वाटेच्या एका अंगास दरी आहे. तेथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

पहिला विचार वजनाचा. चाकाची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. सपाटीवर ज्या गाडीचा भार पुढेमागे निम्मानिम्मा आहे, तीच गाडी चढावर आली की भार मागे ढळतो. पुढच्या-मागच्या आसांत अडीच मीटर अंतर असलेली आणि जिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर उंच आहे अशी गाडी तीस अंशांच्या चढावर उभी केली, तर हिशेबाने जवळजवळ दोनतृतीयांश भार मागच्या चाकांवर येतो. माणसे आणि सामान बहुधा मागेच असल्यामुळे प्रत्यक्षात हे प्रमाण आणखी वाढते. गाडी अडते ती बहुतेक वेळा चढावरच. तेव्हा ज्या चाकांवर भार आहे, त्यांना पुरता जोर मिळवून देणारे कुलूप अधिक उपयोगी पडावे, हे उघड आहे.

दुसरा विचार दिशेचा. कुलूप लागलेल्या चाकांचा कल सरळ जाण्याकडे असतो. मागच्या आसाला कुलूप असेल तर गाडी वळताना कुरकुर करते. पण पुढची चाके मोकळी असल्यामुळे ती अखेर चालकाचे ऐकतात. पुढच्या आसालाच कुलूप लागले, की चक्र जड होते, वळण रुंदावते, आणि जेथे हातभर जागेत गाडी फिरवावयाची आहे तेथे ती हट्टाने समोर पाहू लागते. आडव्या उतारावर हा भेद अधिकच जाणवतो. कुलपामुळे आसाची दोन्ही चाके एकदम घसरली, की बाजूला सरकण्यापासून गाडीला धरून ठेवणारे त्या आसावर कोणीच उरत नाही. मागे असे झाले तर शेपूट दरीकडे सरकते. हा धोका लहान नव्हे, पण पुढची चाके वळवून सावरण्यास निदान अवसर असतो. पुढे असे झाले तर ज्या चाकांनी सावरावयाचे, तीच निसटलेली असतात.

तिसरा विचार लोखंडाच्या बळाचा. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये जोर निम्मानिम्मा वाटला जातो. कुलूप लागल्यावर प्रसंगी आसाचा सगळा जोर एकाच बाजूच्या दांड्यावर येऊ शकतो. जीपसारख्या गाडीत मागचा दांडा सरळ आणि भक्कम असतो. पुढचा दांडा मात्र चाकाबरोबर वळणाऱ्या सांध्यातून जातो. चाक पूर्ण वळलेले असताना हा सांधा सर्वांत दुबळा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी अधीर चालक जोर वाढवितो. रानात मोडलेला सांधा बदलणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही.

म्हणून पुढच्या कुलपाचा पक्ष लंगडा आहे असे मात्र समजू नये. हातभर उंच खडकाची पायरी समोर आली, तर मागची चाके पुढच्या चाकांना खडकावर नुसती दाबून धरतात. वर चढावयाचे काम पुढच्यांनाच करावे लागते, आणि त्यांपैकी एक घसरले तर दुसऱ्याला जोर देणारे कुलूप तेथे अनमोल ठरते. ज्या गाडीची पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात, तिचे पुढचे एखादे चाक खड्ड्यात अधांतरी राहण्याचा संभव मोठा. चढावर उलट गतीने गाडी न्यावयाची असेल, तर भार पुढच्या आसावर येतो आणि वरचा सारा हिशेब फिरतो. शिवाय ज्या गाडीला कारखान्यातूनच मागचे कुलूप मिळालेले आहे, तिच्या मालकाने नवा खर्च पुढच्या आसावरच करावा, हे ओघानेच आले.

गाड्या रचणाऱ्यांनी ह्या वादाचा निकाल कसा लावला, तेही पाहण्यासारखे आहे. मर्सिडीजच्या जी-वर्गाच्या गाडीची जी पिढी 1990 साली आली, तिच्यात तीन कळा आहेत. आधी मधले, मग मागचे आणि सर्वांत शेवटी पुढचे कुलूप लागते. 2003 सालच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्येही मागचे कुलूप लागल्यावाचून पुढचे लागत नसे. पुण्याजवळ आकुर्डी येथे मुख्य कचेरी असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत दोन्ही कुलुपे असून ती स्वतंत्रपणे लावता येतात. तेथे क्रम ठरविण्याचे काम चालकाच्या विवेकावर सोपविलेले आहे. पहिल्या दोन रचनांत पुढच्या कुलपाला मनाई नाही, पण त्याची पाळी मागच्यानंतर ठेवलेली आहे.

तेव्हा त्या वाडीच्या जीपला एकच कुलूप मिळणार असेल, तर ते मागच्या आसाला, आणि चालकाच्या हुकमाने लागणारे असावे. त्याआधी चाकांचे टायर तपासावेत, कारण गुळगुळीत टायरला कोणतेही कुलूप वाचवू शकत नाही. अडचणीची जागा समोर दिसताच, चाके गरगर फिरू लागण्यापूर्वी, गाडी उभी करून किंवा अगदी संथ चालवीत कुलूप लावावे. जागा ओलांडली की ते तत्काळ काढावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावलेले राहिले तर टायर झिजतात, दांड्यांवर ताण येतो आणि वळणावर गाडी दगा देते. आडव्या, निसरड्या उतारावर तर कुलूप न लावता, माणसे खाली उतरवून वाट नीट पाहून घेणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

कुलूप लावलेली गाडी पूर्वी जेथे अडत होती त्याच्या पुढे जाते, हे खरे. पण ती जेथे अडेल ती जागाही मग अधिक दूरची आणि अधिक अवघड असते. म्हणून जुन्या चालकांची एक रीत आहे: मोकळ्या चाकांनी जाता येईल तितके जावे आणि कुलूप परतीच्या वाटेसाठी राखून ठेवावे. औषधांची पेटी वर पोचली पाहिजे, तसेच ती पोचविणारी माणसेही अंधार पडण्यापूर्वी खाली आली पाहिजेत. आसाची निवड करताना ह्या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असल्या, म्हणजे उत्तर शोधण्यास फार वेळ लागत नाही.