शिंगं कोणाची होती?

वर्ध्याहून बोलतोय. आजचा विषय आहे युद्धातली व्यंगचित्रं. लढाई पेटली की वर्तमानपत्रातले चित्रकार नेत्यांना कसं रंगवतात? तुम्ही म्हणाल, राजेहो, याचा वर्ध्याशी काय संबंध? आहे, सांगतो.

आधी माझीच चूक. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू होता, तेव्हा मी एक मीम बनवलं. तिकडच्या एका नेत्याला शिंगं, सुळे, रक्ताळलेली जीभ. जाम फिरलं. दोन दिवसांनी तेच मीम माझ्याकडे परत आलं, पण चेहरा बदलून. शिंगांखाली आमच्या गल्लीतल्या चाचांचा फोटो होता. लहानपणापासून ज्यांच्याकडे मी सायकलचं पंक्चर काढतो, ते चाचा. मी माझं मीम डिलीट केलं. पण फिरायचं ते फिरलंच होतं.

मग मी जुनी व्यंगचित्रं शोधायला लागलो. त्यात डेव्हिड लो भेटला. मूळचा न्यूझीलंडचा, लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये चित्रं काढायचा. २० सप्टेंबर १९३९ चं त्याचं एक चित्र फार गाजलं. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार करतायत. तोंडात शिव्या आणि मधे एक प्रेत. बस्स. ना शिंगं, ना सुळे.

लोचं म्हणणं असं, की हुकूमशहाला अक्राळविक्राळ दाखवलं तर तो मनातून खूशच होतो, कारण लोक घाबरतात. त्याला मूर्ख दाखवा, मग झोंबतं. आणि झोंबलंच! १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा गोबेल्सनं लोच्या चित्रांची तक्रार केली. परत येऊन हॅलिफॅक्सनी लोला जरा सबुरीनं घ्यायला सांगितलं. हे हॅलिफॅक्स म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले आयर्विन. १९३१ चा गांधी-आयर्विन करार आठवतो ना? तेच.

आता वर्धा. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहत होते. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. २३ जुलै १९३९ ला त्यांनी हिटलरला एक छोटं पत्र लिहिलं. पत्रावर पत्ता वर्ध्याचा. सुरुवात 'प्रिय मित्र' अशी. युद्ध थांबवणं तुमच्या हातात आहे, अशी विनवणी. २४ डिसेंबर १९४० ला दुसरं, मोठं पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात, तुमचे विरोधक तुम्हाला राक्षस म्हणतात, तसं मी मानत नाही, पण तुमची कित्येक कृत्यं मात्र राक्षसी आहेत. इंग्रज सरकारनं दोन्ही पत्रं जाऊ दिली नाहीत. हिटलरला मित्र म्हणणं हा भोळेपणा होता, असं म्हणणारे आजही आहेत. मलाही ते पचायला जड जातं. पण माणूस आणि त्याची करणी यांत त्यांनी जी रेघ ओढली, ती माझ्या मीममध्ये नव्हती.

म्हणून गांधीजींना व्यंगचित्राचं वावडं होतं असं नाही. गोल चष्मा, चरखा, बकरी, पंचा... त्यांच्यावरच कितीतरी चित्रं निघाली. लोनं सुद्धा काढली. 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये शंकर यांनी जिनांवर एक चित्र काढलं, तेव्हा मात्र गांधीजींनी पत्र लिहून त्यांना समज दिली. चित्रकला चांगली आहे म्हणाले, पण घटनांची अचूक जाण त्यात दिसायला हवी आणि थट्टेनं चावा घेऊ नये. जिना काही त्यांच्या पक्षाचे नव्हते, हे लक्षात घ्या.

मला कळलं ते एवढंच. लोचं ते चित्र उचलून तुम्ही तिथं दुसऱ्या कोणाचाही चेहरा चिकटवू शकत नाही. ते एका कराराबद्दल, एका ढोंगाबद्दल आहे. चेहरा बदलला की चित्र मरतं. माझ्या मीममध्ये चेहरा कोणाचाही चालत होता, आणि घात तिथंच झाला.

चाचांची माफी मागायला गेलो. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. वर न बघताच म्हणाले, "फोटो तू नाही लावला, मला मालूम आहे. पण शिंगं तर तुझीच होती ना, बेटा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि आज एखादं चित्र फॉरवर्ड करण्याआधी मनातल्या मनात त्यातला चेहरा बदलून बघा. भेटू!