‘व्यक्ती’ कुणाला म्हणायचं?

भाकऱ्या उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज जरा लांबची गोष्ट सांगते, कॅनडा देशातली. तिथं एक प्रश्न कोर्टात गेला होता : बाई ही ‘व्यक्ती’ आहे का? हसू नका, खरंच गेला होता.

१९१६ साली एडमंटन शहरात एमिली मर्फी नावाच्या बाई न्यायदंडाधिकारी झाल्या. खटला सुरू झाला आणि एक वकील उठून म्हणाला, कायद्याच्या नजरेत तुम्ही व्यक्तीच नाही, मग निकाल कसा देणार?

त्या देशात सिनेट आहे, आपल्या राज्यसभेसारखं. त्यावर ‘लायक व्यक्ती’ नेमाव्यात, असं १८६७ च्या कायद्यात लिहिलेलं. मर्फीबाई आणि आणखी चौघींनी १९२७ मध्ये अर्ज केला : या ‘व्यक्ती’त आम्ही येतो की नाही? १९२८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. का? तर कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात तेव्हा बाई नव्हतीच. पाचही जणी थांबल्या नाहीत. त्यांचं अपील त्या वेळच्या शेवटच्या कोर्टात, लंडनला गेलं. १८ ऑक्टोबर १९२९ ला निकाल लागला : बाई व्यक्ती आहे. लॉर्ड सँकी या न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईला यात का धरायचं असं कुणी विचारलं, तर त्यालाच विचारा, का धरू नये?

इथं थांबले असते, तर टाळ्या वाजवून मोकळ्या झालो असतो. पण पुढचं सांगायलाच हवं.

ज्या आल्बर्टा प्रांतातल्या या पाच जणी, तिथं १९२८ सालीच एक कायदा झाला. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या माणसांना मूल होऊ नये म्हणून त्यांची नसबंदी करायची. मर्फीबाई या कायद्याच्या बाजूच्या होत्या. म्हणजे स्वतःला व्यक्ती म्हणवून घ्यायला लंडनपर्यंत लढल्या, आणि दुसऱ्या कुणाला त्यातून काढताना त्यांना काही वाटलं नाही. हा कायदा १९७२ पर्यंत चालला. लैलानी म्यूर नावाच्या मुलीवर १९५९ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. तिला सांगितलं, अपेंडिक्स काढतोय. मूल का होत नाही, हे तिला लग्नानंतर कळलं. तिने सरकारवर दावा लावला आणि १९९६ मध्ये जिंकला.

मर्फीबाई दुष्ट होत्या असं मला म्हणवत नाही. आपल्याला जिथून वगळलं, ती जागा माणसाला लख्ख दिसते. आपण कुणाला वगळतो, ते दिसत नाही. हे मी पुस्तकी बोलत नाही.

मी आमच्या बचत गटाची सचिव. गटातल्या एका आक्कांना ऐकू कमी येतं, एक वाक्य बोलायलाही वेळ लागतो. शेळ्यांसाठी त्यांच्या नावावर कर्ज निघालं, तेव्हा आम्ही सुनेलाच विचारलं. आक्कांना काय कळतंय, असं म्हणून मीच त्यांचा हात धरून अंगठा उठवला. हप्ता सुरू झाल्यावर आक्का सगळ्या बैठकीत अडखळत म्हणाल्या, “माझं कर्ज? मला कुणी सांगितलं?” कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मर्फीबाईंबद्दल मी त्यानंतर वाचलं, आधी वाचलं असतं तर फरक पडला असता का, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसले, रजिस्टर घेऊन. एकेक रक्कम बोट ठेवून, मोठ्याने सांगितली. पाऊण तास लागला. शेवटी त्या म्हणाल्या, “शेळ्या नको होत्या मला. शिलाई मशीन हवं होतं.”

कर्ज अजून फिटायचंय. शेळ्या सुनेकडे आहेत. गुरुवारच्या बैठकीत मशीनचा विषय पहिला घेतलाय, आणि तो मांडणार आहेत आक्का. वेळ लागेल, म्हणून बैठक अर्धा तास आधी ठेवली आहे.