मोहोरबंद नाण्यांची पारख



१९४२ च्या ज्या ‘भारत छोडो’ आंदोलनात विदर्भातील चिमूर गावाने बलिदान दिले,
त्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सरकारने काढलेल्या नाण्यांचे जुने संच
आता मोहोरबंद म्हणून ऑनलाइन विक्रीस येतात.

परंतु मोहोर पाकिटाला असते, नाण्याला नव्हे.
पाकीट पुन्हा चिकटवता येते. अस्सलपणाचा दाखलाही छापता येतो.

म्हणून नाण्याच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत,
आणि सालाखालचे टांकसाळीचे चिन्ह न्याहाळावे.
मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, नाण्यांवर पूर्वी ‘बी’ असे;
शहराचे नाव बदलल्यावर ‘एम’ आले.
जुन्या सालाखाली ‘एम’ दिसल्यास विक्रेत्याकडे खुलासा मागावा.

पुन्हा सांगतो, मोहोर पाकिटाला असते.

आणि अशा खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी दलाली मागितल्यास सरळ नकार द्यावा;
असे शुल्क आपण घेत नाही,
हे बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे.