मेंदूतील फुगा आणि भिंतीचा दाह
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाने मला डोकेदुखीवर चार शब्द बोलावयास सांगितले. त्यापैकी एकाच, परंतु जिवावर बेतणाऱ्या डोकेदुखीविषयी मी बोलणार आहे.

सायकलची ट्यूब एखाद्या जागी पातळ झाली, की हवा भरताच तेथे फुगा येतो. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे कधी कधी असाच फुगा येतो. शंभर प्रौढांत सुमारे तिघांना तो असतो. बहुतेकांचा तो जन्मात फुटत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः पन्नाशीनंतर, तो अधिक आढळतो. पाळी गेल्यावर ईस्ट्रोजेन कमी होते, हे त्याचे एक कारण मानतात.

हा फुगा निव्वळ रक्ताच्या जोराने वाढतो, असे पूर्वी वाटे. आता दिसून आले आहे की, भिंतीतील दाहही त्याला हातभार लावतो. बोटात काटा रुतला, की शरीरातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, लाली व सूज येते. फाट्यावर रक्ताचा मारा बसून रोहिणीचे अस्तर दुखावले, की अशाच पेशी भिंतीत शिरतात. काटा निघाल्यावर बोटाची सूज उतरते. येथे मारा थांबत नाही, म्हणून दाहही हटत नाही. त्या पेशींतून पाझरणारी द्रव्ये भिंतीचे बळकट तंतू विरघळवितात. डागडुजीस आलेल्या गवंड्यांनीच विटा काढाव्यात, तसा हा प्रकार! वाढलेला रक्तदाब आणि धूम्रपान या आगीत तेल ओततात.

ॲस्पिरिनने हा दाह शमेल का, याचा शोध चालू आहे. परंतु त्या गोळीने रक्त लवकर गोठत नाही. तेव्हा आपल्या मनाने ती कोणी घेऊ नये.

फुगा फुटल्यास सुमारे एक तृतीयांश रोगी दगावतात. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला चिमटा लावून तो बंद केला. १९९० नंतर, मांडीतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरण्याची रीतही आली. उपाय आहेत, वेळेवर पोहोचले पाहिजे.

मार्केट यार्डात पहाटेपासून कामाची घाई. डोके दुखले, तर बाम चोळून आपण पुन्हा कामाला लागतो. एरवी ते चालेल. परंतु वीज पडावी तसे, जन्मात कधी दुखले नाही असे डोके क्षणात दुखू लागले, उलटी झाली, मान आखडली, पापणी एकाएकी मिटली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सून म्हणो वा सासू, “जरा पडून राहा” असे म्हणू नये. ताबडतोब १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या दोन सख्ख्या नातलगांना हा विकार झाला असेल, त्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे. घरात विडी-सिगारेट असेल, तर ती सोडवावी. आणि रक्तदाब वाढल्याचे अंगाला कळत नाही, म्हणून मंडळाने दरवर्षी तपासणीचा एक दिवस ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.