घड्याळाचा चार्जर घेताना



आज एका अगदी लहान वस्तूबद्दल बोलायचं आहे. मनगटावर बांधायच्या स्मार्ट वॉचचा चार्जर. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं? गेलं दुकानात, घेतला. मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच आमचे तीनशे रुपये गेले, आणि पैशांपेक्षा मोठा घोर लागला तो वेगळाच.

आमच्याकडे हे घड्याळ आलं ते सासूबाईंसाठी. सुरतेला कामाला असलेल्या माझ्या दिरांनी दिवाळीला आणलं. सासूबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे?" दिरांनी ते घरातल्या मोबाइलला जोडून दिलं आणि माझा नंबर त्यात भरून ठेवला. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही सगळे शेतात असतो. त्या एकट्याच घरी. गुडघे दुखतात, त्यामुळे मोबाइल आत खाटेवर वाजत असला तरी ओट्यावरून उठून जाणं होत नाही. घड्याळ हातात असलं की बटण दाबायचं, माझा फोन वाजतो. मोबाइल आठ-दहा मीटरच्या आत असावा लागतो, एवढंच. चार घरचे फोन झाले आणि त्यांना त्याची सवय झाली.

मग एक दिवस चार्जर हरवला. मी मुलाला पैसे दिले, म्हटलं, "आजीच्या घड्याळाचा चार्जर आण." दुकानदाराने विचारलं, कोणतं घड्याळ? पोरगा म्हणाला, काळं, चौकोनी. आता काळी चौकोनी घड्याळं शंभर प्रकारची. आणलेला चार्जर लागलाच नाही. दुसरा मी बाजारातून आणला. तो पटकन चिकटला, मला आनंद झाला. पण पडद्यावर चार्जिंगची खूण काही येईना. दहा मिनिटांनी हात लावला तर चटका बसला. आणि ते सगळं ठेवलं होतं गोधडीवर! या सगळ्यात चार दिवस सासूबाईंचं मनगट रिकामं. त्यातच एका दुपारी अंगणात पाय घसरून त्या खाली बसल्या. फार लागलं नाही, देवाची कृपा. पण शेजारीण येईपर्यंत अर्धा तास तशाच बसून होत्या.

तेव्हा मला कळलं की चूक पोराची नव्हती. कुकरची रबर आणायला जाताना आपण काय करतो? झाकण सोबत नेतो. मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलायचं तर भांडं पिशवीत घालतो. मग घड्याळाचा चार्जर आणताना घड्याळ घरी का ठेवायचं? पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. घड्याळ सोबत न्या. दुसऱ्या कोणाला पाठवू नका, स्वतः जा. "मला त्यातलं काय कळतं" हे वाक्य घरीच ठेवून जा.

आता घड्याळ उलटं करून बघा. मागे एक छोटी काच असते, तिच्यातून हिरवा उजेड येतो. तो नाडीचे ठोके मोजण्यासाठी. चार्जिंगशी त्याचा संबंध नाही. त्याच्या आसपास पिवळे किंवा पांढरे धातूचे ठिपके दिसतात का ते पाहा. दोन असतील किंवा चार असतील. हे ठिपके म्हणजे वीज आत जायची दारं. चार्जरच्या डोक्यावर तितक्याच पिना हव्यात आणि त्यांच्यातलं अंतरही तेवढंच हवं. स्वस्त घड्याळांत दोन पिनांचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात अंतर ४ मिलीमीटर, दुसऱ्यात २.८४ मिलीमीटर. हा फरक ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून चार्जर दुकानातच लावून पाहायचा. आमचा पहिला चार्जर इथेच चुकला होता.

ठिपके दिसलेच नाहीत, पाठ सगळी गुळगुळीत असली, तर ते घड्याळ बिनपिनांचं. त्याला गोल चकती लागते, तिच्यावर घड्याळ नुसतं ठेवायचं. अॅपल, सॅमसंग अशा महागड्या घड्याळांचं असं असतं. तिथे कंपनी आणि मॉडेल पाहूनच चकती घ्यावी. मोबाइल ठेवून चार्ज करायची चकती घरात असेल तर तिच्यावर घड्याळही होईल असं धरून चालू नका. बऱ्याचदा होत नाही.

आता आमच्या दुसऱ्या चार्जरचं काय झालं ते सांगते. त्याच्या पिना जुळत होत्या, पण आतल्या तारा उलट होत्या. सेलला जशी एक बाजू अधिक आणि एक बाजू उणे, तशीच इथेही असते. चांगल्या चार्जरमध्ये लोहचुंबक असं बसवलेलं असतं की उलटं लावलं तर ते चिकटत नाही, ढकलून देतं. नकली मालात चुंबक बरोबर आणि तारा चुकीच्या, असं होऊ शकतं. म्हणून नुसतं चिकटलं म्हणजे जमलं असं नाही. दुकानदाराला विजेला लावून दाखवायला सांगा. पडद्यावर बॅटरीची खूण आली पाहिजे. खूण येत नसेल आणि डोकं गरम होत असेल तर लगेच काढा.

वायरचं दुसरं टोक ज्या ठोकळ्यात जातं, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. त्याच्यावर बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असतं. इंग्रजी येत नसलं तरी एवढं ओळखता येईल. आय अक्षराने सुरू होणारी ओळ, तिथे १०० ते २४० असा आकडा, ती भिंतीतून येणारी वीज. ओ अक्षराने सुरू होणारी ओळ, ती बाहेर पडणारी. आपल्याला ही ओ वाली ओळ पाहायची. तिथे ५ आणि पुढे व्ही, म्हणजे ५ व्होल्ट, आणि १ आणि पुढे ए, म्हणजे १ अँपिअर. घड्याळाला एवढं पुरतं.

व्होल्ट आणि अँपिअर म्हणजे काय? पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी किती उंचावर, तो व्होल्ट. नळातून किती पाणी येऊ शकतं, तो अँपिअर. नळ मोठा असला तरी आपण हंड्याला लागेल तेवढंच पाणी घेतो. घड्याळही तसंच, लागेल तेवढाच प्रवाह ओढतं. पण टाकीच फार उंच असली तर पाण्याच्या जोराने तोटी निघते. म्हणून व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मोबाइलच्या खऱ्या फास्ट चार्जरला आधी ५ व्होल्टच द्यायचे असतात. मोबाइलने मागितले तरच तो वाढवतो. पण नकली फास्ट चार्जरचा भरवसा धरता येत नाही, आणि बऱ्याच घड्याळांच्या माहितीपत्रकात फास्ट चार्जर वापरू नका असं छापलेलंच असतं. घरात जुन्या मोबाइलचा साधा, चांगल्या कंपनीचा ठोकळा पडला असेल तर तोच काढा. नवा घ्यायची गरज नाही. नवा घेतलाच तर त्याच्यावर आर हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आठ आकडे आहेत का ते बघा. तो भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर या अॅपवर तो घालून पाहिला की खरा की खोटा ते कळतं.

तुम्हाला वाटेल, सरकार सगळ्यांना एकच चार्जर का करत नाही? मोबाइलचं तसं बरंच झालं आहे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलला सी टाइपचं तोंड सक्तीचं झालं. पण त्या यादीत स्मार्ट वॉच नाही. इतक्या लहान, पाण्या-घामात वापरायच्या वस्तूला तसं भोक ठेवणं अवघड पडतं. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या बैठकीत अंगावर घालायच्या अशा वस्तूंसाठी वेगळा उपगट नेमायचं ठरलं. तोवर आपलं डोकं आपणच चालवायचं.

आता बायांसाठी खास एक गोष्ट. या चार्जरच्या डोक्यात लोहचुंबक असतं. बटण चालू ठेवून वायर तशीच लोंबत ठेवली की साडीची पिन, केसाची पिन, सुई तिला जाऊन चिकटते. दोन्ही पिनांवर ती आडवी बसली की वीज मधूनच फिरते आणि डोकं तापतं. म्हणून घड्याळ काढलं की आधी बटण बंद, मग वायर गुंडाळून डब्यात.

घड्याळ हातात बांधलेलं असताना चार्जिंग करायचं नाही. उशाखाली नाही, गोधडीवर नाही, गवताजवळ नाही. पाटावर किंवा फरशीवर ठेवा. मागच्या ठिपक्यांवर घामाचं मीठ साचतं, ते कोरड्या कापडाने पुसा. ओलं घड्याळ लावू नका. आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी, चहाच्या वेळी. पडदा वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असं समजा, आणि ते घड्याळ पुन्हा विजेला लावू नका.

धडगावकडच्या पाड्यांवरच्या मैत्रिणींनो, वीज गेली तरी सौर दिव्याच्या मोबाइल चार्जिंगच्या भोकावर घड्याळ चालतं. तिथेही ५ व्होल्ट लिहिलेलं आहे ना, तेवढं बघा. घड्याळाची बॅटरी मोबाइलच्या पंधरा-वीस पट लहान असते. ते रोज चार्ज केलं तरी वर्षभरात एक युनिटसुद्धा जळत नाही.

पक्कं बिल मागा. "दीडशे रुपयांचं काय बिल" असं कोणी म्हणालं तरी मागा. माल खराब निघाला आणि दुकानदाराने ऐकलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल हाताशी असलं की बोलायला जोर येतो.

आणि शेवटचं. घड्याळावर बीपीचा आकडा दिसतो, तो पाहून गोळी कमी-जास्त करू नका. त्यासाठी दवाखान्यातच जायचं.

आमचं म्हणाल, तर तिसऱ्या वेळी मी सासूबाईंनाच सोबत घेऊन बाजारात गेले. घड्याळ त्यांच्या मनगटावर. दुकानदाराने एक चार्जर दिला, नाही जमला. दुसरा दिला, तो चिकटला. मी पैसे काढायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "थांब, आधी लावून दाखवू दे." पडद्यावर खूण आली तेव्हाच त्यांनी मान हलवली. बिलही त्यांनीच घडी घालून कनवटीला लावलं.